चेहऱ्यावरचा आरोप

पिंपल्सवर सल्ला द्यायला आपल्याकडे कुठलीही डिग्री लागत नाही. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये कुणाच्या गालावर एक फोड दिसला, की मेसच्या टेबलावर ताट येईपर्यंत पाच निदानं तयार असायची. "तेलकट कमी खा रे", "पोट साफ होत नाही तुझं", "अंगात उष्णता वाढलीय, सब्जा घे", "तोंड तरी नीट धुतोस का?" आणि मग डोळा मारून, "लग्न झालं की जातात, काळजी करू नकोस!"

या पाचही सल्ल्यांत एक गोष्ट कॉमन आहे. चूक तुझी आहे. खाण्यात, धुण्यात, नाहीतर मनात येणाऱ्या विचारांत. आमच्या धंद्यात काही सपोर्टवाले लॉग न उघडताच 'युजर एरर' लिहून तिकीट बंद करतात ना, अगदी तसलाच प्रकार.

मध्यंतरी एका वीकांताला सहज म्हणून या विषयाचा इतिहास वाचायला घेतला आणि पुढचे दोन-तीन वीकांत त्यातच गेले. वाचता वाचता लक्षात आलं की हे 'युजर एरर' प्रकरण निदान साडेसहाशे वर्षं जुनं आहे. आणि माझं स्पष्ट मत असं झालंय, की मुरुमांनी माणसाचं जेवढं नुकसान केलं त्यापेक्षा जास्त नुकसान मुरुमांच्या लाजेने केलं. कसं ते सांगतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. सुश्रुतसंहितेत किरकोळ आजारांची, म्हणजे 'क्षुद्ररोगां'ची एक यादी आहे. त्यात 'मुखदूषिका' नावाचा आजार येतो. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या पुटकुळ्या. काटेसावरीचं खोड जवळून पाहिलं असेल तर ही उपमा किती अचूक आहे ते पटेल: रुंद बूड आणि वर टोक. कारण काय दिलंय? कफ, वात आणि रक्त. उपाय म्हणून लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप, आणि वमन. आता कफ-वाताचं गणित आज कुणाला पटो न पटो, पण दोन गोष्टी मला आवडल्या. एक म्हणजे हा आजार तरुण वयाचा आहे हे निरीक्षण पक्कं आहे. आपला 'तारुण्यपिटिका' हा शब्द तेच सांगतो. आणि दुसरी म्हणजे या वर्णनात रुग्णाच्या वागण्यावर बोट ठेवलेलं नाही.

ग्रीकांचंही साधारण असंच. सहाव्या शतकात एटियस नावाचा वैद्य होऊन गेला. मूळचा अमिडाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबाकिरचा. त्याच्या ग्रंथात या फोडांसाठी जो शब्द आहे तो 'अक्मे' म्हणजे शिखर किंवा ऐन भर या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. पुढे नकलून घेणाऱ्या कुणाच्या तरी हातून 'म'चा 'न' झाला आणि 'अ‍ॅक्ने' हा शब्द जगाच्या बोकांडी बसला, असं मानलं जातं. म्हणजे आज कोट्यवधी रुपयांची क्रीम्स ज्या शब्दावर विकली जातात तो शब्दच बहुधा एक टायपो आहे. :-)

मग आरोप सुरू कुठे झाला? तर दारूपासून. आणि इथे रोझेशिया हा दुसरा आजार चित्रात येतो. रोझेशियात नाक, गाल, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग लाल होतो, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरुमांसारखे फोड येतात, डोळे चुरचुरतात आणि काही जणांचं (बहुतेक पुरुषांचं) नाक जाड, गाठाळ होतं. साधारणपणे हा तिशीनंतरचा आजार. मुरुमांसारखे ब्लॅकहेड यात नसतात. पण लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? लालबुंद नाकाचा माणूस. म्हणजे बेवडा!

चौदाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य गी द शोलियाक याने या लाल चेहऱ्याची नोंद केली आहे, आणि त्याच्या आसपासच्या काळात फ्रेंचमध्ये या फोडांना चक्क 'वाइनचे फोड' म्हणायचे. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये एक समनर रंगवला. समनर म्हणजे चर्चच्या कोर्टात लोकांना हजर करणारा कारकून. याचा चेहरा आगीसारखा लाल, फोडांनी भरलेला, बघून पोरं घाबरतात. लसूण, कांदा आणि लाल वाइन याला फार प्रिय. शिवाय तो लाचखाऊ आणि लंपट. चॉसर औषधांची यादीही देतो: पारा, शिसं, गंधक, टाकणखार वगैरे, आणि यातलं काहीच लागू पडत नाही. थोडक्यात काय, तर माणूस आतून सडका आहे हे दाखवायला लेखकाने त्याच्या चेहऱ्यावर फोड आणले. आपल्या सिनेमातल्या खलनायकाच्या गालावर व्रण असतो ना, तीच आयडिया. शेक्सपिअरचा बार्डोल्फही याच पंगतीतला.

याला एक सुंदर अपवाद आहे. फ्लॉरेन्सच्या गिरलांदायो या चित्रकाराने १४९०च्या सुमारास एका म्हाताऱ्याचं आणि नातवाचं चित्र काढलं. ते आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. म्हाताऱ्याचं नाक अगदी तसंच गाठाळ झालेलं. पण त्याच्या मांडीशी असलेला छोटा नातू त्याच्याकडे असा बघतोय की त्याला ते नाक दिसतच नाही. नेटवर शोधून जरूर बघा.

अठराव्या शतकात आरोपपत्रात दारूच्या जोडीला 'वाईट सवय' आली. लोझानच्या तिसो या डॉक्टरने १७६०मध्ये हस्तमैथुनाच्या दुष्परिणामांवर एक पुस्तक काढलं आणि ते युरोपभर प्रचंड चाललं. त्यातल्या दुष्परिणामांच्या यादीत चेहऱ्यावरचे फोडही आहेत. विचार करा, ज्या वयात फोड येतात तेच वय लैंगिक भावना जाग्या होण्याचं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, म्हणून एक दुसरीचं कारण! को-रिलेशन आणि कॉझेशन यातला हा घोटाळा तेव्हा लाखो पोरांच्या मानगुटीवर बसला. "लग्न झालं की जातात" हे त्याचंच सौम्य भावंडं. रेल्वेलाईनच्या कडेच्या भिंतींवर ज्या 'गुप्तरोग' दवाखान्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांचाही धंदा याच भीतीवर चालतो.

या सगळ्यात लंडनचा रॉबर्ट विलन हा माणूस वेगळा. त्याने त्वचारोगांची वर्गवारी दिसतं त्यावरून करायची, हे ठरवलं. तो १८१२मध्ये गेला आणि १८१३मध्ये त्याचा शिष्य टॉमस बेटमन याने काम पुरं करून पुस्तक छापलं. त्यात अ‍ॅक्नेचे चार प्रकार आहेत, आणि चौथा म्हणजे 'अ‍ॅक्ने रोझेशिया'. दोन वेगळे आजार एकाच फोल्डरमध्ये गेले. आजही बरेच लोक रोझेशियाला मुरुमं समजून भलतीच क्रीम्स लावत बसतात, त्याची मुळं थेट इथवर जातात.

मग आला मायक्रोस्कोप आणि पहिल्यांदा कुणीतरी लॉग उघडून बघितला. १८४२मध्ये बर्लिनच्या गुस्ताव सिमोनला मुरुमांच्या आतल्या द्रव्यात आठ पायांचा एक सूक्ष्म किडा सापडला, डेमोडेक्स. (घाबरू नका, तो बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो. तुमच्याही.) १८९६मध्ये हॅम्बुर्गच्या उन्ना याने मुरुमात जंतू पाहिले आणि १९००च्या सुमारास बाल्टिमोरच्या गिलख्रिस्टने त्यांना बॅसिलस अ‍ॅक्नेस असं नाव दिलं. या बिचाऱ्या जंतूचं नाव तेव्हापासून अनेकदा बदललं. २०१६पासून तो क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस आहे. तोही निरोगी चेहऱ्यावर असतोच. म्हणजे गुन्ह्याच्या जागी सापडला, पण तो तिथलाच रहिवासी निघाला. २०१३मध्ये जनुकीय तपासणीतून दिसलं की त्याचे काही वाण मुरुमवाल्या त्वचेवर जास्त सापडतात आणि काही निरोगी त्वचेवर.

खरा धागा १९४१मध्ये हाती लागला. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टनने दाखवलं की ज्या पुरुषांच्या शरीरात पुरुषी हार्मोन तयारच होत नाही त्यांना मुरुमं येत नाहीत, आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की यायला लागतात. आज जे चित्र माहीत आहे ते असं: पौगंडावस्थेत अँड्रोजेन हार्मोन्स वाढतात (मुलींतही, कमी प्रमाणात). त्यामुळे केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच वेळी त्या सूक्ष्म नळीच्या आतल्या मृत पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंड बुजतं. आत साचलेल्या तेलावर जंतू पोसतात, शरीराची संरक्षणयंत्रणा चवताळते आणि फोड येतो. ब्लॅकहेडचा काळा रंग ही धूळ नसते. ते त्वचेचंच रंगद्रव्य आणि हवेशी संयोग झालेली चरबी असते. घासून घासून तोंड धुणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आणि हे कुणाला किती होणार? ब्रिटनमध्ये २००२मध्ये जुळ्या बहिणींच्या दीड हजारांहून जास्त जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुरुमांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला ८१ टक्के भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे पोराला "तुझंच काहीतरी चुकतंय" म्हणणाऱ्या आई-बाबांनी आधी स्वतःचे कॉलेजातले फोटो काढून बघावेत.

पण हे कळेपर्यंत लाज आपलं काम करत होती. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुरुमांवर क्ष-किरणांचा मारा सुरू झाला. मुरुमं जायचीही, कारण तैलग्रंथीच आक्रसायच्या. हे कित्येक दशकं चाललं. अशा किरणोपचारांमुळे पुढे थायरॉईडचा कॅन्सर होऊ शकतो, हे नंतर लक्षात आलं. जीवावर न बेतणाऱ्या आजारासाठी हसत हसत एवढा धोका का पत्करला गेला? कारण सतरा वर्षांच्या मुलीला आरशात जे दिसतं ते तिच्या दृष्टीने जीवावरचंच असतं, आणि आजूबाजूचे सगळे तिला तेच पटवून देत असतात.

१९५०च्या दशकात टेट्रासायक्लिन गटाची अँटिबायोटिक्स मुरुमांसाठी वापरात आली. (या गटातलं पहिलं, ऑरिओमायसिन, ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत सापडलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते.) १९६५मध्ये कॅनडाच्या विल्यम पेसने बेंझॉइल पेरॉक्साइड आणि गंधकाच्या क्रीमचे निकाल छापले. आणि मग येतो या कथेतला सगळ्यात अवघड माणूस, फिलाडेल्फियाचा अल्बर्ट क्लिगमन.

क्लिगमन मूळचा बुरशीचा अभ्यासक, वनस्पतिशास्त्रात पीएचडी, मग डॉक्टर, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्वचारोगाचा प्राध्यापक. हुशारीबद्दल प्रश्नच नाही. १९६९मध्ये फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांबरोबर त्याने दाखवलं की व्हिटॅमिन 'ए'चं एक आम्लरूप, म्हणजे ट्रेटिनॉइन, चेहऱ्यावर लावलं की त्या बुजलेल्या नळ्या मोकळ्या होतात. १९७१मध्ये अमेरिकेत 'रेटिन-ए' म्हणून त्याला मंजुरी मिळाली. तोवर सगळे उपाय फोड आल्यानंतर मारायचे होते. हा उपाय मुळाशी जाऊन बुजणं थांबवतो. आजही मुरुमांच्या उपचाराचा कणा म्हणजे रेटिनॉइड्सच.

१९६९मध्येच या तिघांनी चॉकलेटवरही एक प्रयोग छापला. ६५ जण, पैकी ३० क्लिनिकमध्ये येणारी मुलंमुली आणि ३५ तुरुंगातले तरुण कैदी. चार आठवडे रोज एक भलतंच कडक चॉकलेट आणि चार आठवडे चॉकलेट नसलेला, पण दिसायला तसाच बार. मुरुमांत फरक नाही. चॉकलेट निर्दोष! पण गंमत अशी की त्या 'खोट्या' बारमध्येही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. म्हणजे दोन्ही बिल्डमध्ये तोच कोड ठेवून "बग तिथे नाही" म्हणण्यासारखं. शिवाय या अभ्यासाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा हातभार होता. या एका प्रयोगामुळे "खाण्याचा काही संबंध नाही" हे पुढची तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकी सत्य झालं. २००२मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरचा एक अभ्यास छापला गेला, त्यात तपासलेल्या १२०० लोकांपैकी एकालाही मुरुमं नव्हती, आणि २००७मध्ये मेलबर्नच्या एका चाचणीत १२ आठवडे रक्तातली साखर झटकन न वाढवणारा आहार घेणाऱ्या मुलांची मुरुमं जास्त कमी झाली. म्हणजे आहाराचा थोडा वाटा आहे. पण 'तेलकट' खाण्यापेक्षा मैदा-साखरेकडे बोट जास्त जातं.

आता त्या कैद्यांकडे येऊ. फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. १९५१च्या सुमारास कैद्यांच्या पायाला झालेल्या बुरशीसाठी क्लिगमनला तिथे बोलावलं गेलं. आत गेल्यावर त्याला शेकडो माणसं दिसली नाहीत, त्वचेचं शेत दिसलं. पुढे एका मुलाखतीत त्याने स्वतःच जवळपास तसं म्हटलं. १९७४पर्यंत तिथे प्रयोग चालले. शाम्पू, टूथपेस्ट, डिओडरंटपासून कसल्या कसल्या रसायनांपर्यंत. रेटिन-एच्या सुरुवातीच्या चाचण्याही तिथेच. कैदी बहुसंख्य कृष्णवर्णीय, बरेचसे तर अजून खटलाही न चाललेले, जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत. काही डॉलर मिळायचे, म्हणून पाठ पुढे करायचे. त्यांना काय लावलं जातंय हे धड सांगितलं जात नसे.

सगळ्यात वाईट भाग पुढेच. १९६५-६६मध्ये डाऊ केमिकलच्या पैशाने सुमारे ७० कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन लावून बघितलं गेलं. डायॉक्सिनने 'क्लोरॅक्ने' होतो, म्हणजे मुरुमांचा एक भयानक, वर्षानुवर्षं टिकणारा अवतार. (२००४मध्ये युक्रेनच्या युश्चेन्कोचा चेहरा विषबाधेने रातोरात बदलला होता, आठवतंय? तेच.) किती डोसला चेहरा बिघडतो हे कंपनीला हवं होतं. एका हाताने मुरुमं घालवायचं औषध आणि दुसऱ्या हाताने मुरुमं आणायचं विष, एकाच माणसाकडून, एकाच तुरुंगात.

जवळजवळ ३०० माजी कैद्यांनी २०००मध्ये खटला भरला. मुदत टळली म्हणून तो निकाली निघाला. तेव्हाच्या पद्धतींप्रमाणेच मी वागलो, हे म्हणणं क्लिगमनने २०१०मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. त्याच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१मध्ये माफी मागितली, फिलाडेल्फिया शहराने २०२२मध्ये. रात्री झोपताना मटाराच्या दाण्याएवढं क्रीम चेहऱ्याला लावणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत असतं? औषध चांगलं आहे, वापरू नका असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त त्याची किंमत ट्यूबवर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त होती, आणि ती आपण भरलेली नाही.

रेटिनॉइडचा पुढचा अवतार म्हणजे गोळी: आयसोट्रेटिनॉइन. १९७९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गॅरी पेकने अत्यंत वाईट, गाठींच्या मुरुमांच्या १४ रुग्णांना ती दिली आणि त्यातले १३ जण पूर्ण बरे झाले. १९८२मध्ये 'अ‍ॅक्युटेन' नावाने ती बाजारात आली. गरोदरपणात घेतली तर बाळात गंभीर व्यंग येतं हे प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून आधीच माहीत होतं, वेष्टनावर लिहिलेलंही होतं, तरी वर्षभरातच तशी बाळं जन्माला आल्याच्या नोंदी येऊ लागल्या. अमेरिकेत २००६पासून ती घ्यायची तर नावनोंदणी करावी लागते आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना गरोदर नसल्याची तपासणी. म्हणून ही गोळी मैत्रिणीच्या प्रिस्क्रिप्शनवर घ्यायची गोष्ट नाही.

रोझेशियाच्या बाबतीत आरोप उतरवणारा प्रयोग माझा आवडता आहे, कारण तो इतका साधा आहे. रोझेशियावाल्यांना डॉक्टर कॉफी सोडायला सांगत. १९८१मध्ये जोनाथन विल्किन या अमेरिकन डॉक्टरने रुग्णांना गरम कॉफी दिली, थंड कॉफी दिली, नुसतं कॅफिन दिलं आणि नुसतं गरम पाणी दिलं. चेहरा लाल झाला तो गरम कॉफीने आणि गरम पाण्याने. थंड कॉफी आणि कॅफिन निर्दोष. दोष उष्णतेचा होता! चॉकलेटच्या प्रयोगाशेजारी हा ठेवून बघा, कंट्रोल म्हणजे काय ते लगेच कळतं.

२००७मध्ये सॅन डिएगोच्या रिचर्ड गॅलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रोझेशियाच्या त्वचेत जंतूंशी लढणारं एक प्रथिन जास्त आणि चुकीच्या रूपात तयार होतं. म्हणजे पहारेकरीच दंगा करतात. आणि सिमोनचा तो आठ पायांचा किडा? रोझेशियात त्याची संख्या वाढलेली सापडते. २०१४मध्ये आयव्हरमेक्टिनच्या क्रीमला अमेरिकेत यासाठी मंजुरी मिळाली. दारूचं म्हणाल तर ती पूर्ण निर्दोष नाही. २०१७च्या एका मोठ्या अभ्यासात मद्य घेणाऱ्या स्त्रियांत धोका थोडा जास्त दिसला. पण थेंबही न घेणाऱ्यांना रोझेशिया होतोच. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून "हा गोऱ्यांचा आजार" म्हणून तो निसटतो. चेहरा उन्हात, गरम चहाने किंवा तिखटाने भाजल्यासारखा होत असेल आणि फोड येत असतील, तर त्याला मुरुमं समजून परस्पर इलाज करू नये.

आता या गोष्टीचा धागा आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत आणतो. १९७४मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी एक इशारा छापला: चेहऱ्यावर स्टेरॉईड क्रीम लावत राहिलं की रोझेशियासारखाच आजार होतो, 'स्टेरॉईड रोझेशिया'. आणि १९७५मध्ये त्याच क्लिगमनने विलिस या सहकाऱ्याबरोबर त्वचेचा रंग उतरवणारं एक मिश्रण छापलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉईड. वांगासारख्या डागांवर, थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायला ते ठीक आहे. पण आपल्याकडे याच तीन घटकांच्या जातीची क्रीम्स 'गोरं होण्यासाठी' म्हणून काउंटरवरून विकली गेली. पिंपल्स आले, लावा. लग्न ठरलंय, लावा. पहिले दोन आठवडे चेहरा खरोखर चकचकीत दिसतो, कारण स्टेरॉईड सूज आणि लाली दाबतं. मग कातडी पातळ होते, फोड येतात, क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून परत तेच क्रीम. व्यसनच म्हणा ना.

२०११मध्ये भारतातल्या अनेक त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉईड लावत होते. त्यातले १२६ जण गोरेपणासाठी किंवा असंच रोजचं क्रीम म्हणून, आणि १०४ जण मुरुमांसाठी. नुकसान झालेले किती? ३९२. आणि सगळ्यात जास्त आढळलेलं नुकसान कुठलं असेल? मुरुमंच! २०१८च्या मार्चमध्ये सरकारने १४ स्टेरॉईड क्रीम्स 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी. कागदावर.

चॉसरच्या समनरने शिसं आणि पारा लावला, १९३०च्या दशकातल्या मुलीने क्ष-किरणांखाली चेहरा धरला आणि आपल्या ओळखीतली कुणीतरी स्टेरॉईडची ट्यूब पर्समध्ये ठेवून आहे. तिघांनाही आजाराने एवढी घाई केली नव्हती. घाई केली ती लोकांच्या नजरेने. आज खरं तर मुरुमांवर चांगले उपाय आहेत, पण बहुतेकांना आठ ते बारा आठवडे लागतात, आणि लाजेला बारा आठवडे थांबता येत नाही. दोन आठवड्यांत चमक देणाऱ्या ट्यूबचा धंदा त्यावरच चालतो.

तेव्हा जमलं तर एवढंच करा. स्वतःला होत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, बारा आठवडे धीर धरा, आणि क्रीमच्या घटकांत '-सोन' किंवा '-सॉल'ने संपणारं नाव दिसलं (बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल) तर ते कुणी आणि का दिलं हे विचारा. आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसलं तर काहीच बोलू नका. त्याच्या घरी आरसा आहे.